रोझामायचे तांदूळ

दादा,

तू गेल्यापासून वहिनी माझ्याशी बोललेली नाही. म्हणजे कामापुरतं बोलते. "वन्स, चाय घेतलास?" "वन्स, दिव्यात तेल घाला." घर माणसांनी भरलेलं होतं, जो तो तुझ्याबद्दल बोलत होता, आणि आम्ही दोघी शेजारी शेजारी विळ्या मांडून एकमेकींकडे न बघता भाजी चिरत होतो. लोकांना वाटायचं, दुःखाने गप्प आहेत बिचाऱ्या. दुःख आहेच रे. पण त्याच्यावर राग बसलाय आणि तो काही केल्या हलत नाही. कशाचा, ते तुझ्यामागे आता तिघांनाच ठाऊक आहे. वहिनीला, तुझ्या संदेशला आणि मला.

राग आहे ओंजळभर तांदळांवरून. तेही आपल्या आजोबांच्या जन्माच्या वेळचे, आपण कुणी न बघितलेले.

बाराव्याला भटजींनी नावं विचारली. तुला ज्यांच्यात मिळवायचं त्यांची. तुझे वडील, तुझे आजोबा, तुझे पणजोबा. संदेशने बाबांचं नाव नीट घेतलं. आजोबांचं, भिकाजी, घेताना त्याचा आवाज अडकला आणि त्याने आईकडे बघितलं. वहिनीने माझ्याकडे बघितलं. भटजींना वाटलं पोराला भरून आलं, ते थांबले, कुणीतरी पाणी दिलं. मला मात्र वहिनीच्या नजरेतलं सगळं वाचता येत होतं. भिकाजी आपला करून घेतलाय का कुणी? घेतला नसेल, तर माझ्या नवऱ्याला कुणाच्या रांगेत बसवताय?

जेवणं उरकल्यावर तिने मला मागच्या पडवीत गाठलं.

"वन्स, तुमच्या भावाक तुमी अडवलास. माका अडवू नकात. माझो एकच झील आसा, संदेश. तेराव्यानंतर आपण जावया आणि तांदूळ तुमीच घालूचे."

माझ्या तोंडाला कधी कुलूप नसतं असं तू सगळ्या गावाला सांगायचास. त्या दिवशी लागलं. मी नुसती मान हलवली, आणि ती होकाराची होती की नाही ते माझं मलाच कळलं नाही.

हे सगळं तू सुरू केलंस, हे आधी कबूल कर. एसटीतून रिटायर झालास आणि तुझा पाय घरात ठरेना. भावकीने देवघर नव्याने बांधायचं काढलं, तिथल्या भिंतीवर घराण्याची वंशावळ लावायची ठरली, आणि ते काम कुणी न सांगता तू अंगावर घेतलंस. माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली आली. मला मालवणहून बोलावून घेतलंस. का, तर तुझे डोळे फोटोला चालतात पण अक्षराला चालत नाहीत. मी एका रविवारी म्हणून आले आणि मग वर्षभर येतच राहिले.

किती मजेत होतो रे आपण त्या वर्षी. दमट हवेने फोटो एकमेकांना चिकटले होते. तू ते चहाच्या वाफेवर धरून सोडवायचास आणि एखाद्याचा चेहराच उडाला की माझ्यावर ओरडायचास, जणू मी फुंकर मारली. प्रत्येक फोटोच्या पाठीवर पेन्सिलने नाव लिहायचास. खात्री नसली की जास्त ठासून लिहायचास. टक्कल केलेल्या आजोबांचा एक फोटो निघाला, त्यावर तू बिनदिक्कत लिहिलंस, 'तिरुपतीहून आल्यावर'. मी म्हटलं, आजोबा कोल्हापूरच्या पुढे कधी गेले नव्हते. तू म्हणालास, "मगे टकलो कित्या केल्यानी? हौस म्हणान?" तो वाद तसाच राहिला. वहिनी आतून ओरडायची, "भांडा, भांडा, पण जेवान थंड करू नकात." आईबाबा गेल्यावर मला माहेर असं काही उरलेलं नव्हतं. त्या पेटीपाशी ते मला परत मिळालं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तू लगेच शेफारला असतास.

मग आजोबांच्या लग्नाचा फोटो निघाला.

मध्ये खुर्चीत बाशिंग बांधलेले आजोबा, कोवळे, घाबरलेले. एका बाजूला पणजी, हडकुळी, डोक्यावरून पदर. दुसऱ्या बाजूला तितक्याच मानाच्या खुर्चीत एक क्रिस्तांव बाई. गळ्यात खुरीस, म्हणजे क्रूस, लुगडं वेगळ्या तऱ्हेने नेसलेलं, आणि हात खुशाल नवरदेवाच्या गुडघ्यावर. पणजोबा मागे उभे, त्यांना खुर्चीच मिळालेली नाही.

"ही खंयची?" तू म्हणालास आणि पेन्सिल तशीच हातात राहिली.

ती कुठली ते पेटीच्या तळाला सापडलं. सुतळीने बांधलेली पोस्टकार्डं. दोडामार्गाकडच्या एका गावातून आलेली, शाळकरी गोल अक्षरातली. मी वाचत गेले आणि तू ऐकत गेलास. 'चि. भिकाजी यास अनेक आशीर्वाद. माझे तांदूळ अद्याप मिळाले नाहीत. यंदा तरी न विसरता आणावेत. तुझी, रोझा.' पुढच्या कार्डात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्यात पुन्हा. 'माझे तांदूळ केव्हा आणणार ते कळवावे.'

तुझा चेहरा उतरत गेलेला मी पाहिला. आपल्याकडे कामाला येणाऱ्या माणसांना भातातच मजुरी देत, हे तू लहानपणी बघितलेलं. तू तिथल्या तिथे निकाल लावलास. ही बाई आपल्या शेतात राबली, आजोबांनी तिची मजुरी बुडवली, आणि ती म्हातारपणापर्यंत मागत राहिली. मी म्हटलं, अरे, मजुरी मागणारीला कुणी लग्नात खुर्चीवर बसवतं का? आणि ती 'चिरंजीव' कशी लिहील? "तुका काय कळता?" म्हणालास. पण पुढचे कितीतरी दिवस तू वंशावळीला हात लावला नाहीस. ज्याच्या नावाने आपण मिरवतो तो असा निघाला, म्हणून तुला आजोबांची लाज वाटत होती. मला तुझा राग आला होता आणि तेवढीच मायाही.

उलगडा झाला तो माझ्या सासूबाईंमुळे. मी सहज मोबाईलवर फोटो मोठा करून त्यांना दाखवला. त्यांनी डोळे बारीक केले.

"नाव काय गो ह्येचा?"

"भिकाजी."

"नाकाक भोंक होता?"

होतं ना. लहानपणी आजोबांच्या मांडीवर बसून मी त्यात काडी घालायला बघायचे आणि धपाटा खायचे.

"मगे इचारतंस काय? इकलेलो झील तो."

मूल जगत नसलं की पुढचं मूल जन्मताच दुसरीला विकायचं, म्हणजे ज्याची नजर आपल्या घरावर आहे त्याला ते सापडत नाही. त्या एवढंच म्हणाल्या आणि पुढचं मला हळूहळू काढून घ्यावं लागलं. घरच्या लेकीने बाळ कुंपणाच्या गडग्यावरून शेजारणीच्या हातात द्यायचं. शेजारीण त्याच्या बदल्यात ओंजळभर तांदूळ लेकीच्या पदरात घालते. बाळाचं नाक टोचते, भिकू नाहीतर धोंडू असलं काही नाव ठेवते आणि म्हणते, झील माझो, तुमी फक्त सांभाळा. मूल मोठं झालं की त्याच घरच्या लेकीने तांदूळ परत नेऊन घालायचे आणि त्याला सोडवून आणायचं. म्हणजे रोझामाय आपली गडग्यापलीकडची शेजारीण होती. लेकीचं लग्न झाल्यावर ती तिच्याबरोबर दोडामार्गाकडे राहायला गेली, हे मागाहून तूच शोधून काढलंस.

मी लगेच तुला फोन लावला. हसत होते मी. म्हटलं, घे, तुझे आजोबा सुटले, मजुरीबिजुरी काही नाही. मला वाटलं तूही हसशील.

तू विचारलंस, "मगे सोडवल्यानी खंय?"

"म्हणजे?"

"कार्डां बघ. शेवटच्या कार्डापर्यंत ती तांदूळच मागता हा. म्हणजे आजोबाक सोडवकच नाय कोणी."

त्या दिवसापासून तू बदललास. पन्नाशीत बाबा अचानक गेले, ते भिकाजींचे थोरले. तू बाबांचा थोरला, आणि तुझ्या छातीत कळ यायला लागली होती. संदेश तर एकुलता एक. तू तोंडाने काही बोलायचा नाहीस, पण वंशावळीवर बोट ठेवून ते एकेका थोरल्यावरून खाली आणायचास आणि संदेशच्या नावावर आलं की काढून घ्यायचास. वहिनीने ते बघितलं. तिच्या डोक्यात ते तिथूनच शिरलं, माझ्यामुळे नाही. ज्याचं मूल त्याला कधीतरी परत न्यावंसं वाटतं, असं ती मला एकदा म्हणाली आणि नंतर दिवसभर संदेशला फोन करत राहिली.

गोव्याला तुझ्या ऑपरेशनची तारीख ठरली. तू माणसं विचारून विचारून रोझामायच्या नातीचं घरही शोधून काढलंस. आणि भराडीदेवीच्या जत्रेला मी आले तेव्हा घरात पाहुणे असतानाच मला खूण करून मागच्या काजूत नेलंस. आपल्याला भांडायचं होतं आणि पाहुण्यांना ऐकू जाऊ द्यायचं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा आपण दबक्या आवाजात भांडलो. ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

"ऑपरेशनच्या आधी जावन येवया," तू म्हणालास. "घरातली लेक तू. तांदूळ तू घाल. मगे मी मोकळो."

मी नाही म्हटलं.

का नाही म्हटलं ते तेव्हा सांगितलं होतं, आजही तेच सांगते. आजोबा म्हातारे होऊन गेले. घरात कणग्या भरून भात असायचं. ओंजळभर तांदूळ त्यांना जड होते? त्यांच्या पाठच्या चार बहिणी होत्या, त्यातली एकही दोडामार्गापर्यंत जाऊ शकली नसती? त्यांनी नेले नाहीत, कारण त्यांना न्यायचेच नव्हते. तांदूळ दिले की ती बाई परकी झाली. त्यांना दोन आया होत्या आणि त्यांना दोन्ही हव्या होत्या. आता ती दोघंही नाहीत, आणि तू मध्येच उठून त्यांच्यातलं नातं मिटवायला निघालास. कुणी दिला तुला हक्क?

"आणि माझो झील?" तू म्हणालास. "त्येका काय झाला तर तू येतलंस सांगूक, आमच्या आजोबाक दोन आयो होत्ये म्हणान?"

"अरे, तू असल्या गोष्टींवर कधीपासून विश्वास ठेवायला लागलास?"

"छातीत दुखूक लागल्यापासून."

मी हसले. तुझा चेहरा बघून थांबले. तू एक काजू तोडून उगीच त्याची बी पिळत होतास. चीक बोटांना लागला तरी तुझं लक्ष नव्हतं. "टकला फिरला हा तुझा," मी म्हटलं, "ऑपरेशन करून ये, मग बघू." तू म्हणालास, "मगे कित्या?" आणि घराकडे चालायला लागलास. पाहुण्यांमध्ये जाऊन असा काही मोठमोठ्याने हसत बसलास की मला तुझा भयंकर राग आला.

ऑपरेशनची तारीख यायच्या आधीच, एका सकाळी माडांना पाणी लावताना तू गेलास.

आता ऐक. जे त्या काजूत बोलले नाही ते सांगते. आजोबांच्या दोन आयांचं मी म्हटलं ते खरंच होतं, पण तेवढंच नव्हतं. मला भीती वाटत होती. तांदूळ घेऊन मी तुझ्याबरोबर निघाले असते तर तू मरणार आहेस असं मीही धरून चालले, असं झालं असतं. मला ते धरायचं नव्हतं. तू मला हट्टी म्हणाला असतास तरी चाललं असतं, पण मरायला निघालेल्या माणसाच्या तयारीला मी हातभार लावणार नव्हते. तुला वाटलं मी आजोबांची बाजू घेतेय. मी तुझी घेत होते रे बाबा. कुणाला सांगू आता हे?

तेराव्यानंतर आम्ही निघालो. संदेश गाडी चालवत होता, वहिनी त्याच्या शेजारी, मी मागे. वहिनीने नव्या पांढऱ्या फडक्यात घरचे तांदूळ बांधून घेतले होते. गाडीत बसताना तिने ते माझ्या मांडीवर ठेवले. कुडाळ गेलं, सावंतवाडी गेली, बांदा गेलं. मी खिडकीतून बघत होते आणि तुझ्याशी भांडत होते. माझं बोलणं पुन्हा तयार करत होते, तू काय म्हणशील तेही मीच म्हणत होते, आणि शेवटी दोन्हीकडून मीच बोलतेय हे लक्षात आल्यावर मला रडू फुटलं. आरशातून संदेशने बघितलं.

बांद्याच्या पुढे तो चहाला म्हणून थांबला. वहिनी गाडीतून उतरली नाही. टपरीपाशी तो मला म्हणाला, "आते, माका ह्यातला कायच पटणा नाय. पण आयेक झोप लागणा नाय. रात्री उठान माझ्या नाकाखाली हात धरून बघता, श्वास चलता काय म्हणान." त्याचे डोळे भरले होते. "तू घालशील मा?"

मी त्याला म्हटलं, चहा पी. दुसरं काय सांगणार होते? मी अजून ठरवलं नव्हतं. एकीकडे माझी वहिनी होती, जिने मला या घरात कधी परकं वाटू दिलं नाही. दुसरीकडे फोटोतला तो हात होता, आजोबांच्या गुडघ्यावरचा. आणि हो म्हणायला तू नव्हतास, नाही म्हणायलाही नव्हतास.

नंतर रबराची झाडं लागली, बुंध्यांना वाट्या बांधलेली. मग केळी. एका वळणावर उतरतं कौलारू घर, पुढे पांढरा खुरीस, त्याला अबोलीची माळ. ओट्यावर सुपात काजूबिया निवडत एक म्हातारी बसली होती. ही आंजेलिन, रोझामायची नात, जिचा पत्ता तू शोधलास. तिने आम्हा तिघांकडे बघितलं, ओळख पटेना. मी पर्समधून फोटो काढून तिच्या हातात दिला.

तिने तो दूर धरला, मग जवळ घेतला.

"आगे माय! ही आमची माय. आणि हो..." बोट नवरदेवावर ठेवून ती आमच्याकडे वळली. "तुमी भिकूमामाच्या घरातली?"

मामा. दादा, तू वंशावळीत लांबची चुलत चुलत माणसं शोधत बसला होतास. आणि इथे एक म्हातारी आपल्या आजोबांना मामा म्हणत होती. तिच्या आईचा भाऊ. त्यात तिला काही वेगळं वाटतच नव्हतं. वहिनीच्या कपाळावर आठी पडली. तिने मला डोळ्यांनी खुणावलं, लवकर आटप.

पण आंजेलिन बोलत सुटली होती. तिने सरबत दिलं, केळी दिली, सूप बाजूला सारलं. "भिकूमामा दरवर्सा येय. आंबे हाडी, फणस हाडी, कुळीथ हाडी, नारळ तर पोतोभर. आमी पोरां वाटेर उभी. फक्त तांदूळ नाय हाडी कधी."

माझा हात मांडीवरच्या गाठोड्यावर घट्ट झाला.

"माय ओट्यार बसान इचारी, 'भिकू, माझे तांदूळ हाडलंस रे?' मामा डोक्यावरचा ओझा उतरी आणि म्हणी, 'नाय गो माय, औंदा भात पिकाक नाय.' दरवर्सा! आणि दोघांय हासत. आमका वाटा, काय गरीब मामा ह्यो, त्येचा भात कधीच पिकणा नाय. मी लहानपणी त्येच्यासाठी मागणा करी देवाकडे."

"कार्डं?" मी विचारलं. "ती पोस्टकार्डं..."

"तीं मीच लिवलंय मगे. मायेक लिवूक येय नाय. ती हासत सांगी, 'इचार त्येका तांदूळ खंय असत.' आणि मी शाळेत शिकयल्यानी तसा लिवी. 'यंदा तरी न विसरता आणावेत.' बाईंनी सांगलेला, पत्रात शुद्ध लिवचा."

मी हसले की काय केलं ते आठवत नाही. तो सगळा हसण्याचा भाग त्या पोरीने शाळेतल्या मराठीत उतरवताना गाळून टाकला होता, आणि आपण दोघं त्या उरलेल्या शब्दांवर वर्षभर झुरत बसलो होतो. तू तर लाजेने अर्धा झाला होतास. मला त्या क्षणी तुझा हात धरून हलवायचा होता. बघ, ऐक, हे ऐक. शेजारी तुझी जागा रिकामी नव्हती, तिथे संदेश बसला होता. मी त्याचाच हात धरला.

"माय गेली तेव्हा मामा इलो," आंजेलिन म्हणाली. "खांदो दिल्यान. इगर्जेत भायर उभो रवलो, आत येवक नाय. माती दिल्यार नदीर गेलो आणि टकलो करून इलो. आमच्यात तसा करणत नाय. फादरान इचारल्यान, हो कोण? माझी आवय म्हणाली, हो मायचो थोरलो झील."

तो तिरुपतीचा फोटो, दादा. घरी जाऊन पेन्सिलने लिहिलेलं खोडायचं आहे. नको, राहू दे. तुझं अक्षर आहे ते.

ओट्याखाली कोंबडी खरवडत होती. आंजेलिनची नजर फिरत फिरत माझ्या मांडीवर आली. गाठोडं पांढरं, नवं, नीट बांधलेलं. म्हातारी भोळी असेल, पण खुळी नव्हती. तिचा चेहरा हळूच बदलला. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग वहिनीच्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याकडे, मग संदेशकडे. आणि अगदी सावकाश, आपल्याला हे विचारायचा हक्क आहे की नाही असं चाचपडत, तिने विचारलं,

"तांदूळ हाडलास?"

मी घालणार होते, दादा. तुला खरं सांगते. आजोबा काय म्हणतील, रोझामाय काय म्हणेल, ते सगळं मला त्या ओट्यावर ऐकू येत होतं, आणि तरीही मी घालणार होते. एकदा नाही म्हटलं आणि तू गेलास. दुसऱ्यांदा नाही म्हणून वहिनीला रोज रात्री पोराच्या नाकाशी हात धरून बसवायची माझ्यात हिंमत नव्हती. मी मान खाली घातली आणि गाठ सोडायला लागले. गाठ पक्की बसली होती, सुटेना.

वहिनीचा हात माझ्या हातावर आला. तिने माझी बोटं गाठीवरून बाजूला केली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. गाठोडं तिने उचललं, आपल्या पदराखाली घेतलं आणि पोटाशी धरलं.

"नाय गो माय," ती आंजेलिनला म्हणाली. "औंदा आमचा भात पिकाक नाय."